दोन रुपयांतला घास

रात्री पर्स उपडी करून दिवसभराची चिल्लर डब्यात टाकायची, ही माझी जुनी सवय. नाणी बोटांखालून जातात, पण बघितली जात नाहीत. हे एकाचं, हे पाचाचं, एवढं आकारावरूनच कळतं. त्या रात्री दोन रुपयांचं एक नाणं बोटात अडलं. कडेवरून फिरणारा अंगठा एका जागी आत घसरला. दिव्याखाली धरलं, तर गोलाईतून एक घास गेलेला. साधारण एक सेंटिमीटर रुंद, दोन मिलिमीटर खोल, आणि वळण अगदी सफाईदार. सिंहाची बाजू समोर धरली की तो उजवीकडे येत होता, इंग्रजीतल्या ‘इंडिया’च्या मधल्या अक्षरापाशी.

पहिला विचार काय आला सांगू? कुणीतरी कापलंय, आता हे कोणी घेणार नाही, उद्या चार नाण्यांत मिसळून खपवून टाकावं. लिहिताना ओशाळायला होतंय, पण आला खरा. बाजूला ठेवलं आणि दिवा मालवायच्या आधी पुन्हा उचललं. कापलेली जागा चकाकत नव्हती. लोखंडावर कानस फिरवली की ती जागा बाकीच्या अंगापेक्षा वेगळी दिसते, हे विळी-कोयत्यांना धार लावून घेणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. इथे घासाच्या कडेचा रंग आणि नाण्याचा रंग एकच होता. दोन्ही सारखेच मळलेले.

दुसऱ्या दिवशी कपाटातून भिंग शोधून काढलं. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं, दहा पट दाखवणारं. ते वापरायचं कसं, हेही मला धड येत नव्हतं. मी भिंग नाण्याजवळ धरून लांबून डोकावत होते आणि सगळं धूसर दिसत होतं. भिंग जवळजवळ डोळ्याला टेकवायचं आणि नाणं वर आणत आणत स्पष्ट दिसेल तिथे थांबवायचं, हे अर्ध्या तासाच्या झटापटीनंतर कळलं. दिवा डोक्यावर असून चालत नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. तो बाजूला, खाली, कलत्या उन्हासारखा तिरपा ठेवला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि सपाट वाटणारं नाणं एकदम डोंगरदऱ्यांचं होतं.

त्या उजेडात मी तीन गोष्टी वहीत लिहिल्या. एक : घासाची भिंत एकसारखी नाही; थोडा भाग गुळगुळीत, उरलेला फाटल्यासारखा खरखरीत. दोन : घासालगतचं इंग्रजी ‘डी’ तुटलेलं नाही. त्याचं पोट घासाच्या दिशेने ओढल्यासारखं लांबलंय आणि कडेला जाता जाता विरून गेलंय. तीन : पलीकडे, ‘भारत’मधल्या ‘र’च्या बाहेर, काठ, म्हणजे कडेची उंच किनार, थोडा झिजलाय.

तिसऱ्या नोंदीपुढे मी कंसात ‘वापरामुळे’ असं लिहिलं आणि पुढे गेले. तो कंस अजून वहीत आहे.

मग व्हायचं तेच झालं. ‘एरर कॉईन’, म्हणजे पाडतानाच चुकलेलं नाणं, हा शब्द शोधला आणि एका रात्रीत मला नाण्यांचा ताप चढला. अडीचशेच्या वर नाणी चादरीवर ओतली आणि भिंग लावून बसले. मध्यरात्रीपर्यंत माझ्याकडे जवळपास तीस ‘दुर्मीळ’ नाणी जमली होती! एकावर सालाचे आकडे दोनदा उमटलेले. एकावर सालातल्या शून्याच्या पोटात धातूचा ठिपका. एकाची मागची बाजू थोडी फिरलेली. एकावर सिंहाच्या मानेपासून काठापर्यंत केसासारखी उंच रेघ. एक तर चक्क चपटं झालेलं.

तीसपैकी बहुतेक सगळी पुढच्या आठवड्यात डब्यात परत गेली. तो आठवडा वाया गेला असं मात्र म्हणणार नाही, कारण काय ‘नाही’ ते त्यात कळलं. आकडे दोनदा उमटलेलं नाणं हा सगळ्यात मोठा चकवा. नाण्यावर छाप उमटवणारा ठसा धातूवर आदळून वर उठताना जरासा सरकला, तर आकड्याच्या कडेला पायरीसारखी सपाट, खुजी सावली उमटते. मूळ आकडा तेवढाच बारीक होतो. असं पैशाला पासरी घडतं आणि त्याला किंमत नाही. खरी दुहेरी छाप ठशातच असते, म्हणजे त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती तशीच येते. तिथे दोन्ही आकृत्या गोलसर, भरीव असतात आणि अक्षरांची टोकं दुभंगलेली दिसतात. अमेरिकेचा १९५५ चा एक सेंट यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. त्यावरचं साल आणि अक्षरं भिंगाशिवायही दोन-दोन दिसतात. माझ्या नाण्यावर होती ती पायरी. शून्यातला ठिपका म्हणजे ठशाचा टवका उडून पडलेल्या खड्ड्यात शिरलेला धातू, आणि केसासारखी रेघ म्हणजे ठशाला गेलेली चीर. ठशात जे खोल, ते नाण्यावर उंच. त्यामुळे नाण्यावरची रेघ उंच असेल तर दोष ठशाचा असू शकतो. खोल असेल तर बहुधा नंतरचा ओरखडा. एवढं एक पाठ केलं की निम्मी ‘दुर्मीळ’ नाणी आपोआप गळतात.

फिरलेल्या बाजूची गंमत वेगळीच. आपल्या नाण्यांचा वरचा भाग दोन्ही बाजूंना वरच असतो : सिंह सरळ धरून नाणं दाराच्या पानासारखं उघडलं की आकडा सरळ दिसतो. अमेरिकेची नाणी अशी फिरवली तर मागची बाजू उलटी येते, आणि त्यांची तीच रीत आहे. हे ठाऊक नसलेला माणूस परदेशी नाणं हातात घेऊन उगाच आनंदाने उड्या मारतो. माझं नाणं जेमतेम पाच-सात अंश फिरलेलं होतं. त्याला कोणी विचारत नाही.

याच रात्री मी ते ‘दोन रुपये द्या, लाखो मिळवा’ छापाचे व्हिडिओही पाहिले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आमचं नाव वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांच्या नादी लागू नका; बँक असल्या व्यवहारात नाही. ते वाचल्यावर व्हिडिओ बंद केले. मला किंमत नको होती. कापलेलं नाणं आणि चुकलेलं नाणं यांत फरक कसा करतात, हे मात्र आता हवंच होतं.

ओळखीच्या एका बाईंनी एका जुन्या नाणेसंग्राहकांचा नंबर दिला. मी त्यांना सहा फोटो पाठवले. घासाचे सगळे कोन : वरून, तिरपा, भिंगातून, सिंहाच्या बाजूने, आकड्याच्या बाजूने, उभा धरून. दहा मिनिटांत उत्तर आलं : ‘ताई, कानस मारलेली आहे. अशी बरीच येतात. खर्च करून टाका.’

राग आला, पण उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. चकाकत नाही, एवढं म्हणून भागणार नव्हतं. दोन वर्षं बाजारात फिरलं की कानसलेली जागाही मळते.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका एका कारखान्याच्या प्रेसशॉपमधून निवृत्त झालेत. सगळं आयुष्य पत्र्यातून वॉशर आणि ब्रॅकेट पाडण्यात गेलं. नाण्यांचा त्यांना काडीचा शौक नाही. मी गेले होते त्यांच्याकडचं व्हर्निअर मागायला.

“कशाला हवंय?” त्यांनी विचारलं. मी नाणं पुढे केलं. त्यांनी ते बघितलं नाही, आधी अंगठ्याने चाचपलं. घासावरून नख फिरवलं. मग म्हणाले, “फीड कमी पडलाय गं.”

“म्हणजे?”

त्यांनी रद्दीतला कागद ओढला, दुसरं एक नाणं त्यावर ठेवून पेन्सिलीने गोल काढला, नाणं पुढे सरकवून दुसरा, मग तिसरा. “ही पत्र्याची पट्टी. पंच खाली आला, गोल चकती खाली पडली, पत्र्याला भोक राहिलं. पट्टी पुढे सरकली, पुन्हा पंच. आता समज पट्टी पुरती सरकलीच नाही.” चौथा गोल त्यांनी तिसऱ्यावर थोडा चढवून काढला. “भोकावर भोक. या चकतीला एवढा पत्रा मिळणारच कुठून?” गोलांचा चढलेला तुकडा त्यांनी पेन्सिलीने काळा केला. माझा घास तसाच्या तसा कागदावर होता.

म्हणजे संग्राहक ज्याला ‘क्लिप’ म्हणतात, ते नावच फसवं. तिथलं काही कापून काढलेलं नसतं. धातू तिथे कधी आलाच नव्हता, आणि पुढचं सगळं, म्हणजे काठ उचलणं आणि छाप उमटवणं, त्या अपुऱ्या चकतीवर झालं. हीच चूक पट्टीच्या टोकाला झाली तर घास सरळ रेषेत जातो, कारण तिथे भोक नसतं, पट्टीच संपलेली असते.

काकांनी मग कागदावर ठेवलेलं चांगलं नाणं उचललं आणि त्याची कड माझ्या नाण्याच्या घासात बसवली. फट दिसेना. दिव्यासमोर धरलं तरी मधून उजेड येईना. “एकाच पंचाचं भोक आणि एकाच पंचाची चकती,” काका म्हणाले. “बसणारच.” (नंतर घरी येऊन मी १९९२ च्या मालिकेतला जुना रुपयाही बसवून पाहिला. तोही चपखल बसला! दोन रुपयांचं २०११ च्या मालिकेतलं नाणं आणि तो जुना रुपया, दोन्ही २५ मिलिमीटर व्यासाची आणि ४.८५ ग्रॅमची. अंधारात कितीदा फसले असेन देव जाणे.)

मला वाटलं, झालं काम. काकांना तसं वाटत नव्हतं. “गोल कानस मिळते की बाजारात,” ते म्हणाले. “चिकाटीचा माणूस असला तर हे वळण घासून आणेल.”

“मग वजन?” मी विचारलं. माझ्याकडे खिशात मावणारा डिजिटल काटा होता, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. दोन रुपयांची दहा धड नाणी त्यावर एकेक करून ठेवली : ४.८० ते ४.८८ च्या मध्ये भरली. घासवालं ४.७१. काकांनी कागदावर हिशोब केला. २५ मिलिमीटरचे दोन गोल एकमेकांवर दोन मिलिमीटर चढले, तर मधली भिंगाच्या आकाराची जागा सुमारे १३ चौरस मिलिमीटर. अख्खं नाणं सुमारे ४९१. म्हणजे शंभरात पावणेतीनही नाही. वजनात ०.१३ ग्रॅम. आकडा इतका तंतोतंत जुळला, की मी टाळीच वाजवली.

काका माझ्याकडे बघत राहिले. “सिद्ध काय झालं? तेवढाच तुकडा कानसला असता, तरी तेवढंच वजन घटलं असतं.”

खरंच की. नाणं योग्य धातूचं आहे, योग्य जाडीचं आहे, कुणी दुसऱ्याच चकतीवर खेळ केलेला नाही, एवढंच वजनाने कळलं. चुंबकाला ते चिकटत होतं, तेही बरोबरच. ही नाणी ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम असलेल्या स्टीलची असतात आणि ते स्टील चुंबकाला धरतं. पण घास कधी पडला, छापेच्या आधी की नंतर, हा प्रश्न जिथल्या तिथे होता.

मी म्हटलं, एक चांगलं नाणं घेऊन कानसून बघू या का, तुलनेला? काकांनी मान हलवली. २०११ च्या नाणे कायद्याने नाणं वितळवणं, नष्ट करणं गुन्हा आहे, हे मी वाचलं होतं. काकांनी वाचलेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं : “चालत्या पैशाला कानस लावायची नाही.” त्यांनी पेटीतून स्टीलचा एक मोठा वॉशर काढला, पकडीत धरला आणि अर्धगोल कानशीने पाच मिनिटांत त्याला तसाच घास पाडून दिला.

दोन्ही घास मी भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवले. वॉशरच्या भिंतीवर आडव्या रेघा, एकीशेजारी एक, नांगरटीसारख्या. दोन्ही काठांना बोटाला लागेल असा बर, म्हणजे कानशीने वर आलेली धातूची खरखरीत कोर. नाण्याच्या घासात ना रेघा, ना बर. भिंतीचा गुळगुळीत भाग आणि खरखरीत भाग, ज्याचं मला पहिल्या दिवशी कोडं पडलं होतं, त्यावर काकांनी नुसती बोटं नाचवली : पंच पत्र्यात शिरतो तेव्हा आधी कापत जातो, म्हणून तिथे गुळगुळीत, पुढे उरलेला पत्रा दम सोडतो आणि तुटतो, म्हणून तिथे खरखर. कुठल्याही वॉशरच्या भोकात बघ, असंच दिसेल. बघितलं, तसंच होतं.

‘डी’च्या ओढलेल्या पोटाचा अर्थही आता लागला. नाणं पाडताना चकती दोन ठशांच्या मध्ये असते आणि बाहेरून पोलादी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. दाबाखाली धातू लोण्यासारखा वाहतो, कडं त्याला अडवतं, आणि म्हणून तो ठशाच्या कानाकोपऱ्यांत चढतो. घासाच्या जागी अडवायला कोणी नाही. धातू तिकडे निसटला, ‘डी’चं पोट आपल्याबरोबर घेऊन गेला आणि पुरतं भरलंच नाही. छाप उमटल्यावर कानसलं असतं, तर ‘डी’ ठसठशीत राहून चाकूने कापल्यासारखं अर्ध्यात थांबलं असतं.

एवढ्यावर मी नाणं खिशात घालणार होते. काकांनी पुन्हा हात पुढे केला. त्यांनी व्हर्निअरने जाडी घ्यायला सुरुवात केली होती. घास सोडून काठावर फिरत फिरत, आठ ठिकाणी. सात ठिकाणी शतांशाचा फरक. आठव्या ठिकाणी जबडे आणखी मिटले. त्यांनी पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. नाणं त्याच जागी पकडून त्यांनी मला दाखवलं : ‘भारत’चा ‘र’. घासाच्या बरोबर समोर.

“तिथे झिजलंय,” मी म्हणाले.

“झिजायला काठ एका बोटाएवढ्या जागेतच बरा झिजला? आणि सिंहाच्या बाजूने पण, आकड्याच्या बाजूने पण? आणि नेमका घासाच्या समोर?”

मी भिंग लावलं. सिंहाच्या बाजूला काठ येत येत ‘र’पाशी बसका होत गेला होता, जवळपास संपला होता, आणि पलीकडे पुन्हा उठला होता. नाणं दारासारखं उघडून आकड्याची बाजू पाहिली. आता घास डावीकडे आला आणि उजवा काठ तसाच बसलेला. ठशात वंगण किंवा घाण साचून छाप पुसट येते, पण ती त्या ठशाच्या एकाच बाजूला. झीज म्हणावी तर ‘र’ स्वतः लख्ख होता; काठ झिजून त्याच्या पोटातलं अक्षर शाबूत राहत नाही.

याचं कारण मी नंतर वाचून काढलं. कापलेली चकती सपाट असते. ती ठशाखाली जायच्या आधी एका यंत्रातून फिरते, ज्यात तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी दाब मिळतो : एकीकडे फिरतं चाक, समोर स्थिर खाच. दाबामुळे कड आत ढकलली जाऊन वर उचलते, आणि नाण्याला काठ येतो. पण चकतीचा घास खाचेसमोर आला, की त्या बाजूला धरायला काही उरत नाही. मग समोरच्या कडेवर चाक नुसतंच फिरतं. दाबायला काही नाही, म्हणून उचलायलाही काही नाही. संग्राहक याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. काकांना हे यंत्र माहीत नव्हतं. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून मान न काढता म्हटलं, “टाळी एका हाताने वाजते होय?”

कानस मारणारा घास हुबेहूब करील. वळण आणील, बर काढील, मळवून जुनं करील. समोरचा काठ मात्र त्याच्या ध्यानातही येणार नाही, कारण तिथे त्याने काही केलेलंच नसतं. आणि आला तरी दोन्ही बाजूंनी बसवणार कसा? उलट मात्र खरं नाही, हेही सांगायला हवं. काही अस्सल घासांसमोर काठ धडधाकट दिसतो. घास लहान असला किंवा छापेचा दाब भरपूर बसला तर खूण पुसली जाते. म्हणजे खूण दिसली तर मोठा आधार, न दिसली तर बाकीच्या पुराव्यांवर विसंबायचं.

माझ्या नाण्याच्या सालाखाली कोणत्या टांकसाळीची खूण आहे, ते मी मुद्दाम लिहीत नाही. एका घासापायी तिला कशाला बोल लावा? पण खुणा वाचायच्या कशा, ते बघून ठेवावं : सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल टिंब म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. अपुऱ्या चकत्या चाळून बाजूला काढायची सोय सगळीकडे असते. दोन मिलिमीटरचा घास त्यातून निसटतो, यात नवल नाही. मोठ्या चुकाही निसटतात. ब्रिटनमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्यावरचं साल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला हलवलं; नवी मागची बाजू आणि जुनी पुढची बाजू यांची गाठ पडली आणि साल नसलेली नाणी लोकांच्या खिशांत गेली. त्यापुढे माझा घास म्हणजे किस झाड की पत्ती.

महिनाभराने त्या संग्राहकांना भेटायचा योग आला. मी नाणं छोट्या कागदी पाकिटात घातलं होतं आणि पाकिटावर लिहिलं होतं : वजन ४.७१, घास ३ वाजता, काठ ९ वाजता. (घड्याळाच्या तबकडीसारखी जागा सांगायची पद्धत आहे. सोयीची आहे.) धुतलं-पुसलं मात्र नव्हतं. मला लिंबू-मिठाने चकचकीत करायचा मोह झाला होता, पण घासाचा मळ आणि अंगाचा मळ एक आहे, हाच तर माझा पहिला साक्षीदार होता.

गृहस्थ सत्तरीचे असावेत. मी बोलायला सुरुवात करायच्या आत त्यांनी नाणं पाकिटातून टेबलावरच्या मऊ फडक्यावर ओतलं आणि कडेने दोन बोटांत धरलं. घासाकडे त्यांनी बघितलंही नाही. नाणं गर्रकन फिरवून ‘भारत’ची बाजू दिव्याकडे केली, भिंग लावलं, उलटवून आकड्याची बाजू बघितली, आणि मग पहिल्यांदा घासावर आले. खिशातून दोनचं एक नाणं काढून घासात बसवलं. बराच वेळ गेला.

“मी तुम्हाला कानस म्हणालो होतो ना?”

“हो.”

त्यांनी फोन काढला आणि माझे सहा फोटो उघडले. एकेक पुढे सरकवत शेवटपर्यंत गेले, पुन्हा पहिल्यावर आले.

“सहाच्या सहा घासाचे,” ते म्हणाले. “समोरचा काठ का नाही पाठवलात, ताई?”